बुंदी कोणाच्या मागे फिरते

फेब्रुवारी संपायला आला की आमच्या बिल्डिंगचा जिना बदलतो. कोणी मोठ्याने हाका मारत नाही, कोणी चपला आपटत नाही. यंदा खालच्या मजल्यावरच्या ओंकारची बारावी आहे. त्याच्या आईने दारावर वहीचं पान चिकटवलंय, ‘परीक्षा चालू आहे. बेल वाजवू नये.’ शाळेतली नोकरी आटोपून घरी येताना मी ते पान रोज वाचते, उरलेले दोन जिने जरा भरभर चढते आणि घरात शिरल्याबरोबर बुंदीचा पुढचा उजवा पाय हातात घेऊन बघते. पाय चांगला असतो. वर्षभर चांगलाच आहे. जखमेच्या जागी केस आलेत, फक्त आधीपेक्षा थोडे फिके. बुंदी पाय सोडवून घेते आणि पंख्याखाली जाऊन पडते. मला मात्र बसवत नाही. मी गॅलरीत जाते, परत आत येते, माठात पाणी असताना पुन्हा भरते.

बुंदी म्हणजे आमची कुत्री. गावठीच. डोंबिवलीत आम्ही राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान आहे. त्याच्या मागे माझ्या मुलीला, मुक्ताला, ती सापडली तेव्हा तळहातावर मावत होती. पिवळट अंग, त्यावर नारिंगी ठिपके. नाव ठेवायला फार विचार करावा लागला नाही.

मार्च म्हटला की लोकांना बरंच काही आठवतं. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, झेरॉक्सच्या दुकानातला गरम कागदाचा वास, गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर वाळणारे साबुदाण्याचे पापड. मलाही ते सगळं आठवतं, पण त्याच्या आधी पोटात काहीतरी खाली सरकतं. जिन्याची एक पायरी चुकावी तसं. अठ्ठावीस वर्षं दर मार्चमध्ये सरकतंय. ते कोणाला दिसत नाही, अशी माझी गेल्या वर्षापर्यंत खात्री होती.

गेल्या वर्षी मुक्ता बारावीला होती. घरात सगळ्यांत शांत कोण, तर मी. माझा नवरा सुहास नुसत्या वेळापत्रकाने घाबरायचा. ते त्याने फ्रिजवर लावलं, मोबाइलमध्ये ठेवलं आणि तरी रोज विचारायचा, ‘फिजिक्स कधी गं?’ मी आवाज चढवला नाही, मार्कांचा विषय काढला नाही. शाळेत ग्रंथपाल म्हणून पंचवीस वर्षं परीक्षेची मुलं बघितलीत. घाबरलेल्या मुलाशी कसं बोलावं ते मला येतं. मी कलिंगडाच्या बिया काढून फोडी करायचे, वाटी टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि मुक्ताच्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभी राहायचे. फक्त उभी. ती मान खाली घालून लिहीत असायची. मग मी परत स्वयंपाकघरात यायचे. मैत्रिणी म्हणायच्या, ‘तू एवढी निवांत कशी गं?’ मला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत बुंदी पाय चाटायला लागली.

आधी आम्ही लक्ष दिलं नाही. कुत्री चाटतातच. पण हे चाटणं वेगळं होतं. दुपारच्या शांततेत एक ओला, एकसुरी आवाज यायचा आणि थांबायचाच नाही. हाक मारली की ती मान वर करायची, माझ्याकडे बघायची, परत सुरू. आठवड्याभरात तिथले केस गेले, मग कातडी लाल झाली, मग पाणी सुटायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी गोचीड बघितले, मलम दिलं, खाणं बदलायला सांगितलं, शेवटी गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं घातलं. ते नरसाळं घेऊन ती घरभर दारांना धडकत फिरायची. काढलं की पाच मिनिटांत पाय तोंडात.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या पुढे एक डॉक्टर आहेत, कुत्र्यांच्या असल्या सवयींचं त्यांना बरंच कळतं, असं कोणीतरी सांगितलं. जायचं कसं हा प्रश्न होता. दोन टॅक्सीवाले गेटपर्यंत आले, बुंदीला बघून निघून गेले. मग मी प्रमोदला फोन केला.

प्रमोद माझा धाकटा भाऊ. टिटवाळ्याला राहतो, आई त्याच्याकडेच असते. पाण्याचे वीस लिटरचे जार पोचवायची त्याची व्हॅन आहे. आंबिवलीपासून पुढे नव्या बिल्डिंगा झाल्यात, तिथे सकाळी त्याच्या फेऱ्या असतात. ‘ताई, अकरापर्यंत मोकळा होतो. तू खाली थांब,’ एवढंच म्हणाला. मागचे जार उतरवून, जाजम अंथरून आला.

माणकोलीच्या नव्या पुलावरून आम्ही निघालो. खाडीवरून वारा येत होता. बुंदीने काही वेळ काचेला नाक लावलं, मग वळली आणि सीटच्या फटीतून माझ्या कोपराखाली डोकं घुसवून बसली. प्रमोद आरशातून बघत होता.

‘ही बाहेर का बघत नाय गं? कुत्रे गाडीतनं बाहेर बघतात.’

‘दुखत असेल.’

‘पायाकडे पण बघत नाय. तुझ्याकडे बघतेय सारखी.’

मी म्हटलं, ‘समोर बघून चालव.’

डॉक्टर तरुण होत्या, तिशीच्या. त्यांनी बुंदीला टेबलावर चढवलंच नाही. स्वतः फरशीवर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. पाय तपासला, जखम पुसली. मग विचारलं, ‘घरात सध्या काही वेगळं चाललंय का? पाहुणे, आजारपण, भांडणं?’

‘नाही. मुलीची बारावी आहे.’

‘म्हणजे सगळ्यांत जास्त टेन्शनमध्ये मुलगी आहे.’

‘हो, साहजिकच.’

‘मग ही मुलीजवळ बसून असते का?’

बुंदी मुक्ताजवळ बसत नव्हती. मुक्ता तिची लाडकी, तिच्याच पलंगाखाली झोपायची, पण महिनाभर तिथे गेली नव्हती.

‘माझ्या मागे फिरते,’ मी म्हटलं. ‘ओट्याजवळ, गॅलरीत, आंघोळीला गेले तरी बाहेर बसून राहते.’

‘आणि चाटते कधी?’

ते मला आठवून बघावं लागलं नाही. मी मुक्ताच्या दारातून परत आले की. मी पेपर सुटायच्या वेळी घड्याळाकडे बघत बसले की. मुक्ताचा फोन लागला नाही की.

डॉक्टर बुंदीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘आपण चेहरा सांभाळतो, आवाज सांभाळतो. यांना त्याचा काही उपयोग नसतो. आपण घाबरलो की आपला वास बदलतो, चालणं बदलतं, श्वास बदलतो. हिला कळतंय की तुम्ही कशाला तरी घाबरताय. कशाला, ते हिला कळत नाहीये. ते शोधत ती तुमच्या मागे फिरतेय. मी औषध देते. पण तुम्ही पण बघा.’

प्रमोद दाराशी टेकून उभा होता. तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही.

आम्ही परत निघालो. कडक ऊन होतं, पुलाखाली खाडीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडलेला. मला दुसराच मार्च दिसत होता.

मी एकवीस वर्षांची होते, प्रमोद दहावीला. कल्याणला चाळीत आमच्या दोन खोल्या. बाबा कारखान्यात कामाला. प्रमोदचा अभ्यास घ्यायची जबाबदारी माझी, कारण घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान होता आणि त्याची भीतीही होती. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रमोद मैदानात क्रिकेट खेळताना बाबांना दिसला. त्यांनी त्याला घरी आणलं आणि चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर, थोबाडीत मारली. बाबा मारणारे नव्हते. मारल्यावर तेच जास्त पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रमोदला केंद्रापर्यंत सोडायला गेले. फाटकाशी कंपासपेटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘यात नापास झालास तर घरी येऊ नकोस.’ ओरडून नाही. चिडूनही नाही. दुसरं कोणी ऐकणार नाही अशा हळू आवाजात, त्याची कॉलर नीट करत म्हटलं.

तो घरी आला नाही.

तीन दिवस. बाबा सायकल घेऊन सकाळी जे बाहेर पडायचे ते संध्याकाळी यायचे. नदीच्या काठाने जाऊन आले, हे त्यांनी आईला सांगितलं नाही, पण त्यांच्या पँटला चिखल असायचा. येईल त्याला सांगायचे, ‘मी मारलं. माझ्यामुळे गेला.’ चाळीतल्या बायका येऊन बसायच्या, आई त्यांच्यासमोर बाबांना म्हणायची, ‘हात झडला नाही तुमचा?’ बाबा ऐकून घ्यायचे. मी पाण्याचे पेले भरून आणायचे, रिकामे पेले आत न्यायचे. माझा चेहरा शांत होता. तेव्हासुद्धा सगळे म्हणाले, पोरीने घर सावरलं.

आमच्याकडे तेव्हा कुत्रं असतं तर? हा विचार पुलावर, त्या उन्हात, पहिल्यांदा माझ्या मनात आला. असतं तर ते माझ्या मागे फिरलं असतं. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत माझ्या पायाशी येऊन बसलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आंबिवलीकडच्या एका वीटभट्टीवरचा मुकादम प्रमोदला सायकलवर पुढे बसवून घेऊन आला. प्रमोद तिथे पाणी भरत होता, विटा लावत होता. गुडघ्यापर्यंत लाल धूळ. बाबांनी त्याला जवळ घेतलं नाही. दूर उभे राहिले. नंतरही तसेच दूर राहिले. त्यांनी परत कधी हात उचलला नाही, आवाजही नाही. प्रमोद त्या परीक्षेत पास झाला, पुढे कॉलेज सोडलं, कामाला लागला. बाबांनी कशाबद्दल काही विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

‘चहा घेऊ,’ प्रमोद म्हणाला. पूल उतरल्यावर एक टपरी आहे. आम्ही व्हॅनचं मागचं दार उघडं टाकून जाजमाच्या कडेला बसलो. बुंदी आमच्या मध्ये.

‘तू कशाला घाबरतेस ते मला माहितेय, ताई,’ तो म्हणाला. ‘मुक्ता नाय जायची कुठे. तिला मोबाइल सोडवत नाय, ती काय वीटभट्टीवर जाणारेय?’

मी म्हटलं, ‘तुला आठवतं मी काय बोलले होते?’

‘फाटकाशी? आठवतं ना. शब्दन् शब्द.’

इतकी वर्षं मी हे मनात शंभर प्रकारे घडवून बघितलं होतं. कधी तो विसरलेला असायचा, कधी भांडायचा. तो पेल्यात फुंकर मारत होता.

‘राग आलेला. लय वर्षं होता. आता नाय. पण खरं सांगू? तेवढ्यावरनं नव्हतो गेलो. तू त्याच्या आधी महिनाभर दारात उभी असायचीस. काय बोलायची नाहीस. मी पुस्तकातनं डोकं वर काढलं की तू. मला वाटायचं, माझ्यापेक्षा हीच जास्त घाबरलीय, म्हणजे मी नक्की नापास होणार.’

बुंदीने पाय चाटायला सुरुवात केली. प्रमोदने तिचं तोंड हळूच बाजूला केलं.

‘बाबांना वाटलं त्यांच्यामुळे,’ मी म्हटलं.

‘मी सांगितलेलं त्यांना. आल्यावर दोन-तीन दिवसांनी. म्हटलं, तुम्ही मारलं म्हणून नाय गेलो. ते म्हणाले, मग कोणामुळे? मी गप्प बसलो. तू मोरीत भांडी घासत होतीस. ते तुझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, हे दुसऱ्या कोणाला सांगू नको. माझ्यामुळेच गेलास असं राहू दे.’



घरी आल्यावर मुक्ताला विचारलं, ‘मी दारात उभी राहते त्याचा तुला त्रास होतो का गं?’

ती पेनाचं टोपण चावत होती. ‘तू दिसतच नाहीस मला, माझी पाठ असते ना. पण आधी बुंदीच्या नखांचा आवाज येतो, टक टक टक. मग थांबतो. मग कळतं की तू आलीस. मग पान संपेपर्यंत मी काहीतरी गिरवत बसते.’

‘गिरवत?’

‘लिहितेय असं दाखवायला. तू जाईपर्यंत.’

त्यानंतर मी मुक्ताच्या अभ्यासाच्या वेळी घराबाहेर पडायला लागले. बुंदीच्या गळ्यात पट्टा अडकवायचा आणि निघायचं. माझी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी घरी आल्या आल्याच. डोंबिवलीत चालायला जागा कुठे आहे? फुटपाथवर भाजी, रस्त्यावर रिक्षा. आम्ही नुसत्या फिरायचो, कुठेही, ऊन कलेपर्यंत. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. मी घरापासून लांब होते, पण मनाने दारातच होते आणि बुंदीला ते कळत होतं. ती दर दहा पावलांवर थांबून मागे वळून माझ्याकडे बघायची. मी स्वतःला सांगून बघितलं, सगळं ठीक आहे. मोठ्याने सांगून बघितलं. तिच्यावर परिणाम शून्य. माणसाला फसवता येतं, स्वतःला तर फारच सोपं असतं. या जनावराला माझ्या शब्दांशी काही घेणंच नव्हतं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की माझ्या भीतीत मुक्ता हे अर्धंच आहे. उरलेलं बाबांनी अंगावर घेतलेल्या दोषाचं आहे, आणि ते चालून जाण्यासारखं नाही.

मुक्ताचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या पुढच्या रविवारी मी बुंदीला घेऊन टिटवाळ्याला गेले. प्रमोद फेरीवर होता, त्याची बायको माहेरी. आई कॉटवर बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर खुर्चीत बसले. बुंदी माझ्या पायाशी. मी सगळं सांगितलं. फाटक, कंपासपेटी, कॉलर, शब्द. प्रमोद बाबांशी काय बोलला आणि बाबा काय म्हणाले, तेही.

आईचे हात थांबले. 

‘तुझे बाबा गेले त्या सकाळी,’ ती म्हणाली, ‘मी त्यांच्या उशाशी बसून काय म्हणाले, ठाऊक आहे तुला? म्हटलं, त्या गोष्टीचं आता मनाला लावून घेऊ नका. पोराने केव्हाच माफ केलंय तुम्हाला. मीपण केलंय. ते म्हणाले, बरं.’ तिने माझ्याकडे बघितलं. ‘बरं म्हणाले गं. मी त्यांना माफ केलं आणि ते बरं म्हणाले.’

मी ‘आई’ म्हटलं. तिने हात वर करून मला गप्प केलं.

‘बावीस वर्षं मी त्या माणसाला ऐकवलं. पोळी करपली तरी तिथेच जायची मी. तू तिथे असायचीस. दिवाळीला, गणपतीला. ऐकत बसायचीस.’

‘हो.’

‘तोंड होतं ना तुला?’

आई परत शेंगा सोलायला लागली. दाणे वेगळे, टरफलं वेगळी, असं तिचं नेहमी असतं. त्या दिवशी दोन्ही एकाच सुपात पडत होतं.

बुंदी माझ्या पायाशी उठून उभी राहिली. महिनाभर माझी सावली झालेली कुत्री माझ्याकडे न बघता समोर गेली. आईला घरात कुत्रं आवडत नाही. बुंदी जवळ आली की ती पाय वर घेते, ‘पूजा व्हायचीय माझी’ म्हणते. बुंदीने कॉटवरून खाली लोंबणाऱ्या तिच्या पावलावर हनुवटी टेकली आणि तिथेच अंग सोडून दिलं. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पाऊलही हललं नाही.

प्रमोद दुपारी आला. त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग बुंदी कुठे बसलीय ते बघितलं आणि काही न विचारता स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. आम्ही तिघं जेवलो. आई माझ्याशी बोलली नाही, पण आमटी वाढताना माझी वाटी चुकवली नाही. जेवण झाल्यावर ती परत कॉटवर बसली आणि बुंदी परत तिच्या पावलाशी. संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. पायाला तोंडसुद्धा लावलं नाही.

निघायच्या वेळी मी पट्टा हातात घेतला. आई दारापर्यंत आली. माझ्याकडे न बघता, वाकून, दोन बोटांनी बुंदीच्या कपाळाला हात लावला. मग पदराला बोटं पुसत म्हणाली, ‘पुढच्या रविवारी हिला आण.’

मला ये, असं ती म्हणाली नाही. पण बुंदीला एकटीला डोंबिवलीहून टिटवाळ्याला येता येत नाही, हे आईला माहीत होतं.